गॅलरीतलं पातेलं

दुपारच्या सामसुमीत गॅलरीतल्या शेगडीवर अंडं पातेल्यात खडखडायला लागलं, तशी वृंदा पोट सावरत उठली. सहावा महिना लागल्यापासून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

या घरात कुणी अंड्याला हात लावत नसे. पण कुत्र्याचे, गबरूचे, केस मुठीमुठीने गळायला लागले. दूधभात झाला, पनीर झालं, गुण येईना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं, आणि सासूबाईंनी स्वतः वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणून गॅलरीत मांडलं. "मुका जीव आहे गं. त्याला काय हवं ते सांगता येतं का? आपणच बघायला हवं."

वृंदाचं रक्त कमी निघालं तेव्हा तिच्या डॉक्टरांनीही अंडंच सांगितलं होतं. माहेरी तर ती खातही असे. त्यावर सासूबाई हसल्या होत्या, "आमची बाळंतपणं खजूर नि पालकावर झाली. तुझ्यासाठी घर बाटवायचं का आता?" नवऱ्याने पेपरचं पान उलटलं, आणि वृंदा गप्प बसली.

तिने अंडं सोलून गबरूच्या ताटलीत कुस्करलं. बोटांना बलक चिकटला. बोट ओठांपर्यंत गेलं, क्षणभर थांबलं, आणि मग नळाखाली गेलं. गबरू शेपूट हलवत ताटली चाटू लागला.

पाच वर्षांची लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, तुलासुद्धा डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलंय ना?"

"हो."

लेकीने जरा विचार केला. "गबरूला बोलता येत नाही, तरी त्याला मिळतं. तुला तर बोलता येतं ना, आई?"