नाव बदलेन

"हे वाचून रडली नाहीस ना आई, तर नाव बदलेन," असं म्हणत इराने कॉलेज रोडच्या दुकानात पंधरा दिवस नंबर लावून मिळवलेली कादंबरी लतिकाच्या हातात ठेवली. लतिकाने ती तीन दुपारींत संपवली. गोष्ट अशी, की शापामुळे राजकन्येचं खरं नाव सगळं जग विसरतं आणि चारशे वर्षांनी ड्रॅगनवर बसून आलेला राजपुत्र तिला नेमक्या त्याच नावाने हाक मारतो.

संध्याकाळी यशोधन अंबडहून, कंपनीतून आला. त्याच्यापुढे चहा ठेवत लतिकाने विचारलं, "अहो, लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत. त्याच्या आधीचं आठवतं?"

यशोधनने अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "म वरून होतं ना काहीतरी? मंदा... नाही, मंदा तुझी बहीण." मग त्याने काळजीने विचारलं, "का गं, पासपोर्टचं काही अडलंय का?"

"नाही, सहजच."

जेवताना इराने विषय काढला. "मग? शेवटी रडलीस की नाही?"

"नाही बाई. शेवट काही पटला नाही."

"अगं, ड्रॅगनच्या गोष्टीत पटायचं काय असतं?"

"ड्रॅगन पटले गं."

इरा हसली. "म्हणजे आता मला नाव बदलावं लागणार."

"नको बदलूस," यशोधनच्या ताटात पोळी वाढत लतिका म्हणाली. "पहिलं कुणाच्या लक्षात राहत नाही."