बॅनरवरचा मेहुणा

आनंदाशेठच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो त्यांच्या मेहुण्याचा होता. सकाळी दोघांचं वाजलं आणि शेठनी बॅनरच्या दुकानात फोन केला, "त्याचा तोंड नको मना बॅनरवर!"

तळोज्याला घरून डिझाइन करणाऱ्या दीपिकाने क्लाउडवरच्या फाईलमधून मेहुणा लगेच उडवला. नवीन पनवेलच्या दुकानात हृतिकने तीच फाईल उघडून प्रिंट मारली. बॅनर लावणाऱ्याने नाक्यावरून फोटो पाठवला, तर मेहुणा आपला पहिल्या नंबरावर हसतोय!

"अरे, क्लाउडची कॅश मेमरी तू एक दिवसाची ठेवलीयस," दीपिका फोनवर करवादली. "तोवर तुझा कॉम्प्युटर स्वतःकडची जुनीच प्रत दाखवणार. आधी ती शून्य कर!"

हृतिक धापा टाकत नाक्यावर पोचला. बॅनरखाली शेठ मेहुण्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत होते.

"बरा झाला तू माजा आयकला नाय," शेठ म्हणाले. "सकालचा राग सकालीच गेला रे!"



दुकानात परतल्या परतल्या हृतिकने सेटिंग उघडलं आणि कॅश आठवडाभराची करून टाकली.