बाणाचा ण

रीमाने हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि ती माइकपुढून बाजूला झाली.

“सर, ही कुठली गोष्ट? ‘वीणाने लोणी आणले. राणीने पाणी आणले.’ तीनशे वाक्यं, आनि गोष्ट काय ती नाय.”

काचेपलीकडे बसलेल्या रुडॉल्फ सरांनी वर पाहिलं नाही. गास गावातल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीला गोधड्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला होता. मोबाइलवर ऐकायच्या गोष्टींसाठी मुंबईच्या एका कंपनीला आवाज लागत, ते सर पुरवत. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली रीमा हा त्यांचा सगळ्यात चांगला आवाज. सर शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. तीन वर्षं तिच्या जिभेच्या मागे लागून त्यांनी पानीचं पाणी केलं होतं. “बाणाचा ण, रीमा. नळाचा न नाही,” असं म्हणत एकेक वाक्य वीस वीस वेळा. त्यांची स्वतःची आईही पानीच म्हणायची. शाळेत छड्या खाऊन त्यांनी ते सोडलं होतं.

“आधी वाच तर,” सर म्हणाले.

“आधी सांगा तर.”

सरांनी बटण दाबलं. खोलीत रीमाचाच आवाज सुरू झाला. कुठल्याशा विधवा बाईची गोष्ट होती. रीमा ऐकत राहिली, तिला थोडं हसूही आलं.

“बरं झालंय. कधी वाचलेलं मी हे?”

“तू नाही वाचलंस. मशीनने वाचलं. तुझ्या तीन वर्षांच्या गोष्टी घातल्या त्यात. तू पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदात तसं होतं.”

“तो इंग्रजी कागद? तुमी बोल्लात, नेहमीचाच हाय, कर सही.”

“मीही वाचला नव्हता,” सर म्हणाले, आणि ते खरं होतं.

गोष्ट चालूच होती. बाईचा मुलगा घर सोडून निघाला, आणि रीमाचा आवाज भरून आला. ‘तिच्या डोळ्यांत पानी आलं. आता कोन हाक मारनार?’ सरांनी बटण बंद केलं.

“रडायचं वाक्य आलं की तुझा ण जायचा. रडणं खरं वाटतंय म्हणून मी सोडून द्यायचो. मशीन तेही शिकलं. तेवढं त्यांना नीट करून हवंय.”

“नीट झाल्यावर?”

“तुला यायला नको.”

“आनि तुमी?”

“मला तरी कोण विचारतंय.”

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण सरांनी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली होती. अर्थ त्यांना आज कळत होता.

“नाय वाचलं तर?” रीमाने विचारलं.

“दुसऱ्या कुणाचा ण घेतील आणि तुझ्या आवाजाला जोडतील.”

ती कागद घेऊन पुन्हा माइकपुढे उभी राहिली.

“वाचते मी. घेऊ द्या त्यांना. ण तसाबी माझा नव्हता, तुमीच दिलात. न मातर घरचा हाय. तो मी घेऊन जाते.”

तीनशे वाक्यं तिने एका दमात म्हणावीत तशी वाचली. सरांना एकदाही थांबवावं लागलं नाही. त्यांना अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची लाज वाटली.

वाचन संपलं की अर्धं मिनिट खोलीतली शांतता रेकॉर्ड करायची असते. एरवी रीमा त्या वेळी हलायचीही नाही. आज तिचा फोन वाजला आणि तिने तो तिथेच, माइकपुढे उभ्याउभ्या घेतला.

“आय, बोंबील काढून घे, वारा फिरलाय, पानी येल. कोन आलाय? बसव त्याला. म्हनावं, मी निघालेच.” फोन ठेवून तिने डोळे पुसले. “येते सर,” म्हणाली आणि अर्नाळ्याची बस धरायला गेली.

सरांनी फाइल पाठवली. शेवटचा तुकडा कापायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दोन तासांनी कंपनीचा निरोप आला. ण उत्तम जमलाय, काम संपलं, आभार. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. शेवटी फोनवर बोलणारी बाई तीच का? गावाकडच्या पात्रांसाठी अगदी असंच बोलणं हवंय. वाचलेलं नको, सहज बोललेलं. चाळीस तासांचं मिळेल का? तुमचं काम आणखी सहा महिने चालेल.

सर बसून राहिले. एकदा उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला इतका वेळ लागला नसता. शेवटी त्यांनी दोनच शब्द लिहून पाठवले, ‘हो, मिळेल.’ मग त्यांनी फोन माइकसमोर ठेवला, आधी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि नंतर स्पीकरवर रीमाचा नंबर लावला.

“काय सर, काय राह्यलं?”

“काही नाही. सहज केला. पोचलीस का? आईचे बोंबील वाचले का?”

तीन वर्षांत त्यांनी तिच्या घरचं कधी काही विचारलं नव्हतं. रीमाचा आवाज सैल झाला.

“थोडे भिजले सर. आय एकटी काय काय करनार? आनि मामा आल्ता, त्याला चा करून देत बसली...”

ती बोलत राहिली. मामाचं, आईच्या गुडघ्याचं, मघाशी बसमध्ये आलेल्या रडण्याचंसुद्धा. मध्येच तिला वाटलं आपण फार बोलतोय, आणि ती थांबली.

सरांनी फोन माइकच्या आणखी जवळ सरकवला.

“आनि मग?” त्यांनी विचारलं.