काओकाकांची उष्णता

तिसरा टॉवेल लाल झाला तरी काओकाकांच्या नाकातलं रक्त थांबेना. नर्सने कोंबलेला बोळा त्यांनी शिंकून थेट डॉक्टर शिए यांच्या बुटावर पाठवला.

"उष्णता, दुसरं काय!" काकू ठणकावून म्हणाल्या. "ओंजळ ओंजळ लोंगानची फळं खातो हा म्हातारा. तीन आठवडे कोहळ्याचा चहा पाजतेय, कारल्याचं सूप पाजतेय. फरक नाही!"

कारल्याने काकांचा जीव नकोसा झाला होता, पण त्यांनी मुकाट मान डोलावली.

"काका, एवढ्यात डोक्याला मार लागला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!" काकू त्यांच्या आधीच म्हणाल्या.

"नाही," काकांनी री ओढली.

डॉक्टर स्टुलावर बसले. "नीट ऐका. मार लागला असेल, तर कवटीच्या तळाशी रक्तवाहिनीला इजा होऊन तिला फुगा येतो. तो बोळ्यांना दाद देत नाही. पुढच्या वेळी फुटला, तर तुम्ही इथवर पोचणारही नाही. मार नसेल, तर बोळा घालतो, घरी जा."

काकांनी दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे. एकीकडे मरण, दुसरीकडे बायको. निवड करायला त्यांना बराच वेळ लागला.

"पडलो होतो," ते पुटपुटले. "तीन आठवड्यांपूर्वी, स्कूटरवरून. देवळात जातो सांगून बागेत नाचाच्या क्लासला चाललो होतो."

काकू ओरडल्या नाहीत. त्यानेच काका जास्त घाबरले.

"मागून एक बाई स्कूटर घेऊन धडकली. टोपी, मास्क, हातमोजे, उलटं घातलेलं जाकीट. उन्हाच्या भीतीने नखशिखान्त गुंडाळलेली! चेहरा कसला दिसतोय?"

तासाभरात डोक्याच्या स्कॅनचे फोटो आले. फुगा होताच. मांडीतून बारीक नळी सरकवून तो आतून तारांनी बुजवायचं ठरलं.

"वेळेवर बोललात, काका. वाचाल," डॉक्टर म्हणाले. काकूंनी मोठ्याने हुंदका दिला.

स्ट्रेचर निघालं. डॉक्टरांच्या हातात फॉर्म होता. "एकच राहिलं. पडल्यावर किती वेळ बेशुद्ध होतात?"

"बेशुद्ध माणूस घड्याळ बघतो होय?" काका वैतागले. "आणि त्या बाईशिवाय तिथे दुसरं होतं कोण सांगायला!"

"चार मिनिटं," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. "म्हाताऱ्याने डोळे उघडेपर्यंत मी तिथून हलले नव्हते."