भात बंद

पिंडासमोर बसलेला कावळा भाताला चोच लावत नव्हता. दहाव्याला आलेले सगळे घाटावर उन्हात ताटकळले होते. "दादा, तुझ्या शाल्मलीच्या लग्नाचं मी बघतो," तिच्या दिराने हात जोडून सांगितलं. कावळा जागचा हलला नाही.

वर्षापूर्वी नवऱ्याच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड्स चारशेवर गेले, तेव्हापासून तिने घरात भात शिजवलाच नव्हता. तोही मुकाट्याने ऐकायचा. रिपोर्ट सुधारला होता. छातीत कळ येऊन गेला, त्या दुपारी मात्र त्याने घासभर भात मागितला होता. तिने काकडीची ताटली पुढे सरकवली होती.

ती पुढे झाली. "अहो, भातच आहे. खा पोटभर. आता नाही अडवत."

कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "अजून माझं ते जुनंच ऐकतात हो हे."