अपवादाची कमान

आमच्या विश्रामला सत्कार म्हटलं की भान राहत नाही. मंत्री झाला तरी खोड तीच. सरकारनं आपल्या मर्जीनं वर्षाला किती खर्च करावा, याला हद्द घालणारा कायदा त्यानं आणला, म्हणून गावात त्याचा सत्कार ठेवला होता. ओवाळायला मी.

खरं सांगते, मलाही लेकाचा अभिमान होता. मागच्याच महिन्यात अंगणवाडीची शेवंता रडत आली. छप्पर गळतंय, पोरं भिजतात, आणि वरून पैसे नाहीत म्हणतात. मीच तिला झापलं, "कायदा आहे बाई. माझ्या लेकानं स्वतःच्या खर्चालासुद्धा लगाम घातलाय." ती तशीच परत गेली.

आणि आज बघते तर वेशीवर ही थोरली सिमेंटची कमान! ओवाळता ओवाळता मी विचारलं, "ही कुणाच्या पैशानं?"

"सरकारच्या. कायद्यात अपवादाचं कलम आहे, आई. काम तातडीचं असलं, तर हद्दीबाहेर खर्च करता येतो."

"कमान तातडीची?"

"अगं, सत्काराची तारीख ठरली होती ना!"

शेवंता पहिल्याच रांगेत बसली होती. तिच्याकडं बघायची माझी छाती होईना. मी ताम्हण खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विश्राम, लोकांना नाही म्हणायला तू कायदा केलास, अन् स्वतःला हो म्हणायला कलम ठेवलंस. तुझ्यापायी मी त्या बाईशी खोटं बोलले. असल्या लेकाला मी ओवाळत नसते."