मिस्त्रींचा कान

दोन्ही इंजिनांवरची कंपन्यांची नावं चिकटपट्टीने झाकली होती. हिंदुराव मिस्त्री नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. रेसिंग टीमने इंजिन कुणाकडून घ्यायचं, हे तीस वर्षं त्यांचा कानच ठरवत आला होता.

पहिलं सुरू झालं. "खडखडतंय. नको."

दुसरं संथ, खर्जात घुमलं. बारीकशी चिरचिरसुद्धा नाही. मिस्त्रींचा चेहरा खुलला. "हेच घ्या, ऊर्मिलाताई. इतकं गोड इंजिन जन्मात ऐकलं नाही."

टीमच्या मालकीणबाईंचा होकार घ्यायला मिस्त्री वळले. सगळी टीम तोंडं वाकडी करून, कानांवर हात दाबून उभी होती.

"अहो मिस्त्री," ऊर्मिलाताई ओरडल्या, "इंजिनाची शिट्टी कान फाडतेय आमचे, आणि तुम्ही गोड म्हणता?"

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

इंजिन तसंच गोड घुमत होतं.